मावळतीचं प्रस्थान

प्रवासाला चांगला दिवस एक आणि निघायची सोय भलत्याच दिवशी, अशी अडचण आली की भीकमचंद शेठजींच्या घरी प्रस्थान ठेवत. म्हणजे असं, की मुहूर्ताच्या दिवशी माणूस नाही निघाला तरी त्याचं एखादं वापरातलं वस्त्र घ्यायचं, त्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधायचं आणि ते गाठोडं जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. मग त्याने आपल्या सवडीने जावं, वाटेत ते उचलावं आणि पुढे चालू लागावं. एकदा बाहेर पडलेलं गाठोडं मात्र परत घरात आणायचं नाही. ग्रहताऱ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकायची ही युक्ती कुणी काढली कोण जाणे, पण तो नक्की कुणीतरी व्यापारी असला पाहिजे.

१९४६ सालचा जून होता. खांडबाऱ्याच्या बाजारपेठेत भीकमचंदांचं दुकान, पुढे किराणा आणि मागे मोहाच्या टोळंब्यांची पोती. टोळंबी म्हणजे मोहाचं बी, त्यातूनच तेल निघतं. त्यांचा मुलगा मदनलाल पुण्याहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन आला होता आणि आता मुंबईला जाऊन याच तेलावर डॉक्टरेट करणार होता. भीकमचंदांना, म्हणजे त्याच्या बापूजींना, त्यातलं ‘मुंबई’ आणि ‘तेल’ एवढं कळलं आणि तेवढं त्यांना पुरलं. पेठेत बातमी पोचली ती नुसती ‘डॉक्टर’ म्हणून. दोघातिघांनी दुकानावर येऊन मदनला जीभ काढून दाखवली सुद्धा.

पण डॉक्टर व्हायचं होतं ते एकट्या मदनला नाही. त्याची बायको लहरी अंमळनेरची. तिच्या वडिलांना जुन्या पोथ्यांचा नाद होता. मुलगे पोथी पाहिली की पळत सुटत, म्हणून त्यांनी मुलीला समोर बसवून प्राकृत शिकवलं. लग्नानंतर पुण्यात सहा वर्षं दोन खोल्यांत संसार करता करता तिनेही अर्धमागधी घेऊन एम.ए. केलं आणि पहिल्या वर्गात आली. काशीच्या एका वृद्ध पंडितांनी तिचं काम पाहून आपल्याकडे डॉक्टरेटसाठी बोलावलं होतं. त्यांच्याकडे एका प्राकृत कथेची अशी पोथी होती, की तिची दुसरी प्रत कुठे नव्हती. ती तिने संपादून द्यायची. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं, ‘वैद्य म्हणतात, डोळे आणखी दोन वर्षे साथ देतील. त्यापुढे मी जे शिकवीन ते आठवणीतून.’

म्हणजे लहरीला जायचं तर आत्ताच. मुंबईत तिच्या विषयाला दोन वर्षं तरी जागा नव्हती. मदनला काशीतही जागा मिळत होती, पण तिथे ज्याच्या हाताखाली काम करायचं तो माणूस वयाने त्याच्याहून दोनच वर्षं मोठा आणि तेलाचं काम त्याने कधी केलेलं नव्हतं. काशी धरली तर मदनचं नुकसान, मुंबई धरली तर लहरीचं, आणि आपापल्या वाटेने गेलं तर दोघांचं. एवढं साधं कोडं होतं. पुण्यात असतानाच मदनने ते मोठ्या मनाने सोडवून टाकलं होतं. तो म्हणाला होता, “तू ठरव. तू म्हणशील तसं.”

हे म्हणताना त्याला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. आपल्या जातीत, आपल्या गावात कुठल्या नवऱ्याने असं म्हटलं असतं? आपण डोक्यावरचं ओझं उचलून हळूच तिच्या डोक्यावर ठेवलं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

लहरी तेव्हा नुसतं “बघू,” म्हणाली आणि दिव्याची काच पुसत बसली.

खांडबाऱ्याला आल्यावर तर बोलणंच संपलं. पुण्यात ती त्याच्याशी भांडायची, त्याच्या हाताला येणाऱ्या तेलाच्या वासावरून चिडवायची, रस्त्याने चालताना मधेच थांबून एखाद्या शब्दाचं मूळ सांगायची. इथे सासऱ्यांच्या समोर पदर हनुवटीपर्यंत आणि नवऱ्याशी दिवसाउजेडी बोलणं नाही. तिला काही हवं असलं तर ती सासूला सांगायची आणि सासू त्याला. एकाच घरात, एकाच ताटवाटीच्या आवाजात राहून मदनला महिनाभरात जेवढं एकटं वाटलं, तेवढं पुण्यात पहिल्यांदा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. आणि तिला काय वाटत असेल, हे विचारायला तो गेलाच नाही.

मुंबईला हजर व्हायचं होतं शनिवारी, म्हणजे शुक्रवारी निघायला हवं. पण शुक्रवारी मावळतीला दिशाशूळ, त्या दिशेला पाऊल टाकायचं नाही. सुरत मावळतीला आणि मुंबईची वाट सुरतेवरूनच. बापूजींनी पंचांग पाहिलं आणि सोमवारी प्रस्थान ठेवायचं ठरवलं. स्टेशनाजवळ, गावाच्या पश्चिमेला दोधू पाटलांचं घर होतं, त्यांच्याकडे.

सोमवारी सकाळी मदन दुकानात होता. त्याच्यासमोरून जुना हमाल वाहरू ताट घेऊन स्टेशनाकडे चालला. ताटात मदनच्या उपरण्याचं गाठोडं, आणि त्या गाठोड्यातून पिवळ्या ओढणीचं टोक लोंबत होतं. ओढणी लहरीची. मदनच्या हातातली मापाची पळी तशीच राहिली. नवराबायको जोडीने प्रवासाला निघाले तर त्यांच्याकडे दोघांची वस्त्रं एका गाठीत बांधतात. म्हणजे लहरीने ठरवलं. ती मुंबईला येणार. त्याला इतका आनंद झाला, की पुढच्या गिऱ्हाइकाने गूळ मागितला तर त्याने मीठ दिलं.

दुपारी जेवायला घरी आला तेव्हा आई ओसरीवर शेवया वाळत घालत होती. तीजाबाई मनाने सरळ बाई, पोटात एक आणि ओठावर एक असं तिला कधी जमलं नाही. मदन आईला बाई म्हणे. तो म्हणाला, “बाई, लहरीने ओढणी दिली वाटतं?”

“तिने कशाला द्यायला हवी? दोरीवर वाळत होती, मीच घेतली.”

“तिला विचारलं नाहीस?”

“काय विचारायचं?” तीजाबाईंना खरंच कळेना. “नवरा चालला मुंबईला, बीनणी काय माझ्याबरोबर शेवया वळत बसणार? तुला तिथे करून कोण घालेल?”

मदन ताटावर बसला. काशीचं पत्र घरात कुणाला माहीतच नव्हतं. तो उठला आणि माळ्यावर गेला. लहरीची पुस्तकं तिथे होती आणि दुपारी घर डुलकी घेत असताना ती तिथेच असे. तिला सांगायचं, की हे आईने केलंय, तुझं तू ठरव. जिना चढेपर्यंत त्याचा विचार पक्का होता.

लहरी जमिनीवर बसली होती, पदर मागे टाकून. त्याला पाहून ती हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

“सकाळी बाईंशी स्वयंपाकघराच्या दाराशी बोलत होतात, तेव्हाच मला वाटलं,” ती म्हणाली. “मग ओढणी ताटात पाहिली. शेवटी ठरवलंत तर.”

सकाळी तो आईशी बोलत होता ते धोतराच्या कडेबद्दल. हे सांगायला त्याने तोंड उघडलं.

“मी काशीला कळवते,” लहरी म्हणाली. हसू मावळलं होतं, पण आवाज शांत होता. “गुरुजींना वाईट वाटेल. पण कळवते.”

मदनने उघडलेलं तोंड मिटलं. आता सांगितलं तर ती काशीला जाईल, हे त्याला लख्ख दिसलं. नाही सांगितलं तर ती त्याच्याबरोबर येईल. बोलायचं काहीच नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. आणि गप्प राहण्याची त्या घरात सगळ्यांनाच सवय होती. तो म्हणाला, “ऊन फार आहे माळ्यावर,” आणि खाली उतरला.

मंगळवारी सांगू, असं त्याने ठरवलं. मंगळवारी लहरी वह्या फडक्यात बांधत होती. तीजाबाई म्हणाल्या, राहू दे इथेच, मुंबईत कुठे ठेवशील. लहरीने मान हलवली, पण वह्या ठेवल्या आपल्या पत्र्याच्या पेटीतच, तळाशी. मदनने ते पाहिलं आणि दुकानाकडे निघाला.

बुधवारी तिने पाकीट त्याच्या हातात दिलं. बंद केलेलं, वर काशीचा पत्ता, बारीक सरळ अक्षरात. बायकांनी पोस्टात जायची रीत नव्हती. “आजच टाका,” ती म्हणाली. “पुढच्या बुधवारपर्यंत त्यांनी माझी वाट बघायची आहे. उगाच ताटकळायला नको.” मदन पोस्टाच्या लाल पेटीपर्यंत गेला. हात पेटीच्या तोंडाशी नेला. मग पाकीट कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि परत आला. ते टाकायचं धाडस नव्हतं आणि तिला परत द्यायचंही नव्हतं. असल्या माणसाला काय म्हणावं? वाईट म्हणवत नाही, आणि चांगला म्हणायची तर सोयच नाही.

गुरुवारी संध्याकाळी तो पाय मोकळे करायला म्हणून स्टेशनाकडे गेला. दोधू पाटलांची बायको धनुबाई अंगणात गवऱ्या रचत होती. तिने त्याला हाक मारून आत नेलं. देवळीत गाठोडं ठेवलं होतं, पुढे पणती.

“देख भाऊ, रोज दिवा लावस मी,” धनुबाई म्हणाली. “दोन्हीस्ना कपडा एकच गाठमां शेतस. देखीसन बरं वाटनं. आम्हना आठे नवरा मुंबईले जास आनि बायको घर ऱ्हास. तू चांगला शे. बायकोले संगे लई जाई ऱ्हायना.”

मदनने काहीतरी पुटपुटून काढता पाय घेतला. कोटाच्या खिशातलं पाकीट त्याला चालताना छातीशी टोचत राहिलं. त्या रात्री त्याला झोप लागली, हेच त्याला सकाळी अधिक लागलं.

शुक्रवारी दुपारी दोघं निघाली. प्रस्थान उचलायला घरचं माणूस बरोबर जायचं नाही अशी त्यांची रीत, त्यामुळे बापूजी आणि बाई दारातूनच परतले. सामान वाहरूने आधीच बैलगाडीतून स्टेशनावर नेऊन टाकलं होतं. पेठ संपली तसा लहरीने पदर थोडा वर घेतला. कित्येक दिवसांनी ती त्याच्या मागून न चालता शेजारून चालत होती. मदनला वाटलं, हे असंच चालू राहावं. स्टेशन आणखी दोन कोस लांब असतं तर बरं झालं असतं.

धनुबाईने दोघांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि गाठोडं लहरीच्या हातात दिलं. “सुखमां ऱ्हाय माय,” म्हणाली.

सुरतेकडची आणि जळगावकडची, अशा दोन्ही गाड्या दुपारी खांडबाऱ्यालाच एकमेकींना वाट देत. फलाटावर दोन्हीकडची माणसं बसली होती. मदन तिकिटाच्या खिडकीकडे वळला, तोच लहरीने विचारलं, “पत्र बुधवारीच टाकलंत ना? पोचेल ना वेळेत? ते दारात खुर्ची टाकून बसतात म्हणे. पोस्टमन आला की आवाजावरून ओळखतात.”

‘हो’ म्हणायचं होतं, एक अक्षर. पण दारात खुर्ची टाकून बसलेला म्हातारा मदनच्या डोळ्यांपुढून हलेना. त्याने कोटात हात घातला आणि पाकीट बाहेर काढलं.

लहरीने आपलं पाकीट ओळखलं. “टाकलं नाहीत?”

“नाही.”

“का?”

मग त्याने सगळं सांगितलं. ओढणी आईने दोरीवरून घेतली. मला विचारलं नाही, तुलाही विचारलं नाही. मला वाटलं तू ठरवलंस, तुला वाटलं मी ठरवलं. आपल्या दोघांपैकी कुणीच काही ठरवलेलं नाही. बोलता बोलता त्याला हलकं वाटू लागलं आणि आता ती डोक्याला हात लावून हसेल, अशीही एक आशा मनात आली. पुण्यात असती तर हसली असती.

“तुम्हाला हे कधी कळलं?” लहरीने विचारलं.

“सोमवारी.”

“मी माळ्यावर बोलले, त्याच्या आधी की नंतर?”

मदनने फलाटाच्या फरशीकडे पाहिलं. “आधी.”

ती रागावली नाही. रागावली असती तर त्याला काहीतरी करता आलं असतं. ती आपल्या पेटीवर बसली आणि गाठोडं मांडीवर घेऊन त्याची गाठ सोडू लागली. पाच दिवस बसलेली गाठ होती, नखांना दाद देईना. तिने ती दातांत धरली. गाठ सुटली तशी तिने ओढणी वेगळी काढली, झटकली आणि उठून घडी करून पेटीत वह्यांवर ठेवली. तांदूळ, सुपारी, हळकुंड सगळं उपरण्यात राहू दिलं, त्याची पुन्हा गाठ बांधली आणि गाठोडं त्याच्याकडे दिलं.

“मी काशीला येतो,” मदन घाईने म्हणाला. “दोघंही तिकडे जाऊ. मी मुंबईला तार करतो.”

“नको. तुमचं काम मुंबईत आहे. काशीला येऊन रोज माझ्याकडे बघाल आणि काय गमावलं ते मोजाल. मला ते बघवणार नाही.” तिने पेटीची कडी लावली. “मी तुमच्याबरोबर मुंबईला आले असते. खुशीने आले असते. पुण्यापासून मी एवढीच वाट बघत होते, की तुम्ही एकदा म्हणाल, ये. किंवा म्हणाल, जा. तुम्ही म्हणालात, तू ठरव. मी एकटीने कसं ठरवायचं होतं ते?”

“आता म्हणू?”

“आता मी ठरवलंय.”

तो म्हणाला, तुझं प्रस्थान मावळतीला ठेवलंय, घरी काय सांगायचं. हे त्याच्या तोंडून कसं गेलं ते त्यालाच कळलं नाही. इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकलेला माणूस, आणि बायको चालली तेव्हा त्याला आठवलं ते पंचांग.

“शुक्रवार मावळतीला वर्ज्य,” लहरी म्हणाली. “उगवतीला नाही. आज मला प्रस्थानाची गरजच नव्हती. बापूजींना सांगा, मी चांगल्या दिवशी गेले.”

अंमळनेर जळगावकडच्याच वाटेवर होतं. तिथे वडील होते, भाऊ काशीपर्यंत पोचवायला येईल, ते सगळं ती बोलता बोलता ठरवत गेली. मदन खिडकीशी गेला. “एक मुंबई,” तो म्हणाला, “आणि एक अंमळनेर.” मास्तरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे आणि मागे उभ्या बाईकडे पाहिलं. मग दोन तिकिटं कापून दिली.

आधी जळगावची गाडी आली. मदनने पेटी चढवून दिली, बायकांच्या डब्यात खिडकीजवळ जागा धरून दिली. लहरी खिडकीत बसली. तिचे डोळे भरले होते आणि तिने ते पुसले नाहीत. पाकीट अजून त्याच्या हातात होतं. त्याने ते पुढे केलं.

“ते राहू द्या तुमच्याकडे,” ती म्हणाली. “आता टाकायचं काही उरलं नाही. पोचलात की लिहा. दुकानाच्या पत्त्यावर नको, काशीला.”

समोरून सुरतेची गाडी आत शिरली आणि त्याला धावत रूळ ओलांडून पलीकडे जावं लागलं. जागा मिळवून खिडकीतून बघेपर्यंत जळगावच्या गाडीचा शेवटचा डबा वळणावर गेला होता.

गाडी सुटली. मदनने शेजारच्या जागेवर गाठोडं ठेवलं होतं, सवयीने, कुणाची तरी जागा धरावी तसं. चिंचपाडा मागे पडेपर्यंत तो बाहेर बघत होता. मग त्याने पाकीट फोडलं. पत्र हिंदीत होतं, दहाबारा ओळींचं. पोथीचं काम आपल्या हातून होणार नाही याची क्षमा मागितली होती, डोळ्यांना जपा म्हणून विनवलं होतं. आणि शेवटी लिहिलं होतं, की आपण माझ्यासाठी वाईट वाटून घेऊ नये. मी जावे की राहावे हे माझ्यावरच सोडून यजमान स्वस्थ होते, तेव्हा मला वाटे की त्यांना कसेही चालेल. आता त्यांनी आपणहून मला बरोबर न्यायचे ठरवले. पोथी सुटल्याचे दुःख आहे, पण त्यांना मी हवी आहे हे कळले, याचा मला त्याहून मोठा आनंद आहे.

त्याने ते पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात. तिला जे कळलं होतं ते खरंच होतं. ती हवीच होती, फार हवी होती. फक्त ते तिला एका ओढणीने सांगितलं होतं, त्याने नाही.

नवापूरला डबा भरला. डोक्यावर बोचकं घेतलेला एक म्हातारा शेतकरी वाट काढत आला आणि गाठोड्याकडे बोट दाखवून म्हणाला, “आठे कोनी बठेल शे का?”

मदनने गाठोडं उचलून मांडीवर घेतलं. “नाही,” तो म्हणाला, “बसा.”